आवाज फुटला त्या वर्षी

चौदा वर्षांचा होईपर्यंत मला माझ्या नावाने फारसं कोणी हाक मारत नसे. आमच्या गावात आणि आजूबाजूच्या पाच-सात गावांत मी 'मंगलाष्टकवाला पोट्टा' होतो. अड्याळपासून चार किलोमीटरवर, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून आमचा मोहल्ला आहे. सगळी घरं मासे धरणाऱ्यांची. बाबा तलावात जाळं टाकत आणि माय अड्याळच्या आठवडी बाजारात मासे विकायला बसे. दोघांपैकी कोणालाच गाता येत नाही. बाबा तर बोलतातसुद्धा कमी. दिवसाला त्यांची पंधरा-वीस वाक्यं होत असतील, आणि त्यातली अर्धी आमच्या बकरीशी.

माझं गाणं सुरू झालं ते मोटारसायकल पंक्चर झाल्यामुळे. मी चौथीत होतो. मोहल्ल्यातल्या एका लग्नात मंगलाष्टकं म्हणणारे मास्तर टायर फुटून अर्ध्या वाटेत अडकले. मुहूर्त निघून चालला होता आणि अंतरपाट धरून उभ्या असलेल्या दोघांचे हात भरून आले होते. मी शाळेत प्रार्थना सांगतो हे कोणाला तरी आठवलं. मला खुर्चीवर उभं केलं, हातात माईक दिला आणि कोणाच्या तरी जुन्या वहीतली मंगलाष्टकं समोर धरली. मी कसा गायलो ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की बाया अक्षता टाकायच्या विसरल्या होत्या, आणि जेवणाच्या पहिल्याच पंगतीत मला नवरदेवाच्या मामाच्या शेजारी बसवलं होतं.

त्यानंतर लग्नसराईत मला उसंत नसे. प्रत्येक लग्नात एक टॉवेल, एक टोपी आणि एक नारळ मिळायचा. बुंदी मागायची गरज पडायची नाही, वाढणाराच दुसऱ्यांदा यायचा. सातवीत गेलो तोवर आमच्या घरी टॉवेल विकत आणणं बंद झालं होतं. गणितात मी कसाबसा पास व्हायचो, कबड्डीत मला कोणी घेत नसे, उंचीत वर्गात शेवटून तिसरा होतो. पण यातलं काही मला लागत नसे. गोड आवाज म्हणजे मी आणि मी म्हणजे गोड आवाज, असा माझा पक्का समज होता. दुसरं काही असण्याची मला गरजच वाटत नव्हती.

नववीची परीक्षा झाली आणि एप्रिलमध्ये लाखनीला माझ्या आतेबहिणीचं लग्न निघालं. लहानपणी तिने मला कडेवर खेळवलं होतं. ती म्हणाली होती, "माह्या लग्नात तूच म्हणजो. दुसऱ्या कोणाच्या हाती माईक दिसला तं मी पाटावर उभीच राहणार नाई." मी महिनाभर पाळीवर बसून सराव केला. सकाळी उठल्यावर आवाज जरा जाड लागायचा. सर्दी असेल म्हणून मी गरम पाणी प्यायचो. एकदा मामाचा फोन आला, मी उचलला, तर मामा बराच वेळ मला 'भाऊजी, भाऊजी' म्हणत बाबा समजून बोलत राहिला. मला वाटलं, फोन खराब आहे.

लग्न हायवेला लागून असलेल्या एका मंगल कार्यालयात होतं. बाहेर ट्रकांची रांग, आत पाचशे माणसं. मी इस्त्रीचा कुडता घालून माईकसमोर उभा राहिलो. पहिली दोन मंगलाष्टकं ठीक गेली. तिसऱ्याला वरच्या सुरात गेलो तेव्हा माझ्या घशातून एकदम दोन आवाज निघाले. एक माझ्या ओळखीचा आणि दुसरा कोणातरी अनोळखी माणसाचा. मी खाकरलो आणि पुढे रेटलं. 'सावधान' म्हणताना मी 'धा' लांबवायचो, ती माझी खास जागा होती. त्या 'धा'वर जे काही बाहेर पडलं त्याला मी आजही नाव देऊ शकत नाही. नेमका त्याच वेळी बाहेर एका ट्रकवाल्याने हॉर्न दिला. अर्ध्या मांडवाने रस्त्याकडे बघितलं आणि अर्ध्याने माझ्याकडे.

पुढच्या खुर्चीवरचा एक म्हातारा शेजाऱ्याला मोठ्याने म्हणाला, "ट्रक व्हय का पोट्टा व्हय बे?"

मग मांडव हसला. नुसता हसला नाही, हसत सुटला. अंतरपाटामागे माझ्या बहिणीचे खांदे हलत होते. नवरदेवाच्या मुंडावळ्या थरथरत होत्या. मी आधारासाठी बाबांकडे बघितलं. ते खांबाला टेकून उभे होते आणि तोंड उघडून, डोळे मिटून हसत होते. बाबांना असं हसताना मी त्याआधी कधीच बघितलं नव्हतं.

पुढची मंगलाष्टकं दुसऱ्या कोणीतरी म्हटली. मला टॉवेल-टोपी मिळाली, नारळही मिळाला. मी जेवलो नाही. सगळे जेवत असताना मी आम्हाला घेऊन आलेल्या पिकअपमध्ये मागे जाऊन बसलो आणि ठरवून टाकलं की यापुढे बोलायचं नाही. बाबांशी तर नाहीच नाही.

पुढचे काही महिने मी कसा होतो ते आता आठवलं की मला स्वतःचंच हसू येतं, पण तेव्हा त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. मला खात्री होती की लाखनीपासून पवनीपर्यंत लोकांना दुसरा विषय नाही. अड्याळच्या बसस्टँडवर दोन माणसं हसताना दिसली की मी रस्ता बदलायचो. शाळा सुरू झाली तेव्हा वर्गातल्या मुलांनी दोन दिवस 'सावधान' म्हणून माझी नक्कल केली. तिसऱ्या दिवशी वर्गात कुत्र्याचं पिल्लू शिरलं आणि ते मला विसरून गेले. मी मात्र ते कधी विसरतील याची दिवाळीपर्यंत वाट बघत राहिलो. मराठीच्या बाईंनी धडा वाचायला उभं केलं की मी गळ्याकडे बोट दाखवून खोकायचो. बाई चांगल्या होत्या. त्या मला खोकल्याच्या गोळ्या आणून द्यायच्या, आणि त्या मला खाव्या लागायच्या.

घरी माझं वेगळंच चाललं होतं. हात एकाएकी लांब झाले होते आणि शर्टाच्या बाह्या मनगटाच्या वर चढल्या होत्या. ओठावर कोळशाचा हात लागल्यासारखी रेघ आली होती. मी आरशासमोर अर्धा-अर्धा तास उभा राहायचो आणि जे दिसेल त्याचा राग मायवर काढायचो. लग्नानंतर पहिला महिना मी फक्त मानेने आणि हातवाऱ्यांनी बोललो. मग भांडणासाठी तेवढा आवाज वापरायला लागलो. एकाच सकाळी मी तिला विचारलं होतं, "मले काहून उठवलं?" आणि तासाभराने, "मले काहून उठवलं नाई?"

माय चुलीपुढून म्हणाली, "एक कागद घे अन् लिहून दे. मले जमन तसं करतो."

माझ्या हट्टापायी मायने माझ्या गळ्यासाठी सगळं करून बघितलं. हळदीचं दूध झालं, अद्रक झालं, ज्येष्ठमध झालं. शेजारच्या मावशीने सांगितलं म्हणून मी आठ दिवस तोंडात पाणी धरून आकाशाकडे बघत उभा राहिलो. शेवटी मे महिन्यात ती मला भंडाऱ्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. मी बोलत नसल्यामुळे तक्रार घरूनच कागदावर लिहून नेली होती: 'आवाज गेला आहे. परत पाहिजे.'

डॉक्टरांनी कागद वाचला, माझ्याकडे बघितलं, आ करायला लावलं, टॉर्च मारला आणि कागदाची घडी करून माझ्या हातात परत दिली.

"हा आजार नाही रे," ते म्हणाले. "एक-दोन वर्षांनी दाढी येईल, ती पण दाखवायला आणशील का?"

माय इतकी हसली की तिला टेबल धरावं लागलं. मग तिला वाटलं, एवढं भाडं खर्चून आलो तर काहीतरी न्यावं. ती म्हणाली, "टॉनिक तरी लिहून द्या जी."

"याला नको," डॉक्टर म्हणाले. "याच्यासोबत घरात राहणाऱ्यांना लागेल."

परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसलो. आजार नाही म्हणजे औषध नाही, आणि औषध नाही म्हणजे तो आवाज आता येणार नाही, एवढं मला त्या प्रवासात कळलं. मी रडलोही थोडा. मायने बघितलं असणार, पण तिने फक्त पिशवीतून भुईमुगाच्या शेंगा काढून माझ्या मांडीवर ठेवल्या.

त्याच सुमारास बाबांसोबत डोंग्यात जाणाऱ्या काकाला वरठीला काम लागलं. डोंगा म्हणजे खोड कोरून केलेली आमची लांबट होडी. त्यात दोन माणसं लागतात, एक बांबूने डोंगा ढकलायला आणि एक जाळं टाकायला. मायने मला सांगितलं, "उद्यापासून बाबासोबत जात जा." म्हणजे घरातली न बोलणारी दोन माणसं एका डोंग्यात. एकाला बोलायची सवय नव्हती आणि दुसऱ्याने बोलायचं नाही असं ठरवलेलं होतं.

उन्हाळाभर, आणि पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठल्यावर पोळ्यानंतर शाळेच्या आधी, मी रोज गेलो. सुरुवातीला मी डोंगा नुसता गोल फिरवायचो. बाबा काही म्हणायचे नाहीत. डोंग्याच्या काठावर बोटाने एकदा टकटक केलं की पुढे, दोनदा केलं की थांब, एवढंच. हळूहळू माझे हात बसले. मला आवडायला लागलं, पण मी ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. सकाळी पाण्यावर धुकं असायचं, कमळाच्या पानांवरून पाणकोंबड्या पळायच्या, आणि मुख्य म्हणजे तिथे माझ्याकडे बघणारं कोणी नव्हतं. तीन-तीन तास मी कसा दिसतो, माझ्याबद्दल लोक काय बोलत असतील, हा विचारच मनात येत नसे. बाबांची नजर पाण्यावर असायची. मला वाटायचं त्यांना माझा अबोला कळलेलाच नाही. नंतर कधीतरी मायने सांगितलं की त्यांना पहिल्या दिवशीच कळला होता. ते तिला म्हणाले होते, "राहू दे. डोंग्यात गप बसणारा चांगला लागते."

एका सकाळी बाबा डावीकडे जाळं टाकायच्या बेतात होते आणि मला उजवीकडे पाणी फुगलेलं दिसलं. मोठा मासा होता. टकटक करायला हात मोकळा नव्हता. मी ओरडलो, "बाबा, तिकडं नाई, इकडं!"

तो आवाज पूर्ण तलावावरून गेला आणि पल्याडच्या पाळीवर आदळून परत आला. पाखरांचा थवाच्या थवा उडाला. मासा अर्थातच गेला. लग्नाला चार महिने झाले होते, आणि बाबांशी मी काढलेला तो पहिला शब्द होता. बाबांनी जाळं खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"ऐकू आलं," ते म्हणाले. मग जाळं पुन्हा उचलत म्हणाले, "पल्याडच्या गावालेही आलं असन."

 त्या दिवसापासून माझा अबोला नावापुरताच राहिला.

दसऱ्यानंतर मायच्या बचत गटाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण भंडाऱ्याला निघालं आणि त्यातच अड्याळचा बाजार आला. माय म्हणाली, "तुमी दोघं जाऊन या. का कठीण हाय त्यात." ती वीस वर्षं बाजारात बसत होती आणि त्यात खरंच कठीण काय आहे हे तिला माहीत नव्हतं.

आम्ही तिच्या नेहमीच्या जागी चिंचेखाली बसलो. बाबांनी मासे असे मांडले की बघत राहावं. रोहू एका रांगेत, कतला वेगळे, मरळ पाण्याच्या घमेल्यात जिवंत, बाजूला वजनाचा काटा आणि मासे कापायचा विळा. आणि मग ते गप्प बसले. उजवीकडची बाई ओरडत होती, डावीकडची ओरडत होती, त्यांच्यापुढे गर्दी होती. आमच्यापुढे माशा होत्या. मायची गिऱ्हाइकं यायची, विचारायची, "बाई कुठी गेली जी?" आणि पुढे निघून जायची. तास गेला. ऊन चढायला लागलं. मी बाबांकडे बघितलं तर त्यांचे ओठ हलत होते. बऱ्याच वेळाने त्यांच्या तोंडून निघालं, "मासे." ते त्यांनी असं म्हटलं की जणू कोणालातरी विचारत आहेत.

त्यांचे कान लाल झाले होते. बाबा लाजत होते. चाळीस-बेचाळीस वर्षांचा माणूस, मरळ हाताने धरणारा, पाण्यात सापाशेजारून निघून येणारा, आणि बाजारात ओरडायची त्याला लाज वाटत होती. तोवर मला वाटायचं की लाजणं माझ्यापाशी सुरू होतं आणि माझ्यापाशीच संपतं. मोठ्यांना असलं काही होत असेल हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मी उठून उभा राहिलो आणि ओरडलो, "घ्या तलावाची रोहू, घ्या जिवंत मरळ!"

'मरळ'वर आवाज फाटला. समोर टमाटे विकणारी माझ्या वयाची एक मुलगी फिसकन हसली. सहा महिने मी ज्याला घाबरत होतो ते नेमकं हेच होतं, आणि तेही मुलीपुढे. मी वाट बघितली. काही झालं नाही. तिने एका म्हातारीला टमाटे मोजून दिले आणि मी पुन्हा ओरडलो. दुसऱ्यांदा बरं निघालं. पाचव्या-सहाव्या हाकेला माझ्या लक्षात आलं की हा नवा आवाज गोड नाही, पण मोठा आहे. तो भाजीच्या रांगेपलीकडे, पार चपलांच्या दुकानांपर्यंत जातो. लोक माना वळवून बघत होते आणि बघितलं की येत होते. एक आजोबा काठी टेकत आले आणि बाबांना म्हणाले, "पोरगा तुमचा व्हय का? कान बसवले ना जी यानं माये." आणि त्यांनी किलोभर रोहू घेतली.

दोनपर्यंत टोपली रिकामी झाली. बाबा मासे कापत होते, मी बोलत होतो, आणि कामाची ही वाटणी आम्हाला दोघांनाही एकदम मानवली होती.

परतताना बाबांनी मोटारसायकल रस्त्यातल्या टपरीवर थांबवली. चहा आणि आलूबोंडे घेतले. मी बराच वेळ मनात जुळवलं आणि मग विचारलं, "बाबा, लाखनीले तुमी काहून हसले होते?"

बाबांनी बशीतला चहा संपवला. "तुह्या मायनं अन् मी पैज लावली होती," ते म्हणाले.

"कायची?"

"मी म्हटलं, याचा आवाज फुटून राहिला, लग्नापर्यंत टिकत नाई. तुही माय म्हणे, टिकते. जो हारन त्यानं महिनाभर बकरीचा चारा आणाचा."

मला आठवलं. त्या उन्हाळ्यात महिनाभर मायच चारा आणायला जात होती आणि जाताना पुटपुटत असायची.

"म्हणजे तुमाले आधीच माहीत होतं?"

"तुले सोडून समद्याइले माहीत होतं."

"मंग मले सांगतलं काहून नाई?"

बाबांनी खरोखर विचार केला. "सांगतलं असतं तं तू आयकला असता?"

मी ऐकलं नसतं. मी म्हटलं असतं, सर्दी आहे.

"पैज जिंकलो म्हणून अर्धा हसलो," बाबा म्हणाले. त्यांच्या मानाने हे फारच लांबलचक बोलणं होतं. "अर्धा कायले हसलो ते मलेही नाई माहीत. बरं वाटलं." मग त्यांनी माझ्या बशीतला उरलेला आलूबोंडा उचलला आणि मोटारसायकलला किक मारली.

दहावी संपेपर्यंत आवाज स्थिरावला. जाडच राहिला. लग्नाची बोलावणी थांबली, आणि पलीकडच्या मोहल्ल्यातली दहा वर्षांची एक मुलगी मंगलाष्टकं म्हणायला लागली. ती फार सुरेख म्हणायची. तिचं पहिलं लग्न मी मांडवाच्या मागे मित्रांसोबत उभा राहून ऐकलं. वाईट वाटेल म्हणून मी तयारीनेच गेलो होतो. थोडं वाटलंही, पण ती अजून सूर धरत होती तोवर कोणीतरी माझ्या हातात वरणाची बादली दिली. त्या दिवशी मी पहिल्यांदा पंगतीत वाढलं. कोणाचं लक्ष नाही, हवी तशी मस्करी, आणि शेवटी भांड्यातली उरलेली बुंदी सगळ्या वाढणाऱ्यांची. चार-पाच वर्षं मी मांडवाच्या चुकीच्या बाजूला उभा होतो असं मला वाटलं.

आवाज गेल्यावर मी कोण, हा प्रश्न मला बरेच दिवस पडायचा. त्याचं उत्तर एकदम मिळालं नाही. गावात कोणाचं पाण्याचं इंजिन बंद पडलं की मी तिथे बघत उभा राहायचो, मग पाना पकडायला लागलो, मग एक दिवस लोक मलाच बोलवायला लागले. बारावीनंतर भंडाऱ्याला आयटीआयला फिटर झालो आणि वरठीला एका वर्कशॉपमध्ये लागलो. सकाळी आम्ही सहा-सात पोरं मोटारसायकलींवर एकत्र निघायचो. डबा, हेल्मेट, स्वतःचे बूट. मला वाटलं, झालो मोठा.

मोठं होणं म्हणजे सगळं माहीत असणं, अशी माझी तेव्हाची समजूत होती. त्यामुळे तिथले म्हातारे मिस्त्री काही सांगून "समजलं का?" म्हणाले की मी लगेच मान हलवायचो. दुसऱ्याच आठवड्यात एका मशीनच्या झाकणाचे बोल्ट मी उलट्या क्रमाने आवळले आणि झाकण तिरपं बसलं. पूर्ण दुपार सगळे बोल्ट काढून पुन्हा लावण्यात गेली. मिस्त्री माझ्या शेजारी स्टुलावर बसून राहिले. रागावले नाहीत.

"समजलं नाई म्हणासाठी पैसे लागते का?" त्यांनी विचारलं.

"नाई जी."

"मंग म्हणून पाहा."

"समजलं नाई," मी म्हटलं.

"मोठ्यानं."

मी मोठ्याने म्हटलं. वर्कशॉपच्या दुसऱ्या टोकाचा वेल्डर काच वर करून म्हणाला, "मलेही नाई समजलं, पण कोणाले सांगू नका." त्यानंतर मिस्त्रींनी मला तेच काम पहिल्यापासून दाखवलं, आणि या वेळी मी चार प्रश्न विचारले.

एकविसाव्या वर्षी, एका सुटीच्या दिवशी मी पाळीवर बसलो होतो. बाबा आले आणि शेजारी बसले. आमच्या मच्छीमार सोसायटीत फायबरच्या नावा येणार होत्या आणि आमचा लाकडी डोंगा दोन ठिकाणी चिरला होता.

"तुले का वाटते?" बाबा म्हणाले. "फायबरची घ्याव का डोंगाच नीट कराव?"

लहानपणी बाबा कधी असं विचारायचे तेव्हा उत्तर त्यांच्याकडे तयार असायचं, मी बरोबर सांगतो का एवढंच ते बघायचे. मी त्या उत्तराची वाट बघत बसलो. ते काही बोलेनात. मग माझ्या लक्षात आलं की त्यांना खरंच माहीत नाही आणि ते खरंच मला विचारत आहेत.

"मले नाई माहीत," मी म्हटलं.

"मले बी नाई," बाबा म्हणाले, आणि त्यांना बरंच हलकं वाटल्यासारखं दिसलं.

आम्ही मोटारसायकलवर पवनीकडच्या एका गावात गेलो. तिथल्या एका मासेवाल्याकडे तशी नाव होती. त्याने आधी तिची तारीफ केली, मग निंदा केली, मग चहा पाजला. परत येताना आम्ही पूर्ण रस्ताभर वाद घातला. मी नाव घ्या म्हणत होतो तेव्हा बाबा नको म्हणत होते, आणि अड्याळ येईस्तोवर ते घ्या म्हणायला लागले तेव्हा मला शंका यायला लागली होती. शेवटी घेतली.

पहिल्या दिवशी ती पाण्यात टाकली तेव्हा पूर्ण मोहल्ला पाळीवर जमला होता. नाव इतकी हलकी की बांबू टेकवला की भिंगरीसारखी फिरायची. बाबा आणि मी तलावाच्या काठाशीच चार गोल गिरक्या घेतल्या. काठावरून माय सूचना देत होती, "डावीकडं, डावीकडं!" आणि आम्ही उजवीकडे जात होतो. अर्ध्या तासाने आम्हाला नाव कळली. दोन फेऱ्या मारून काठाला लागलो तर मायने साडी वर खोचली आणि म्हणाली, "सरका. मले बसू द्या."

बाबा उतरले. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की सव्वीस-सत्तावीस वर्षं या तलावाचे मासे विकणारी माझी माय तलावाच्या मधोमध कधीच गेली नव्हती. डोंगा दोघांचाच असायचा, आणि तिला न्यायचं कोणाला सुचलं नव्हतं. मलाही नाही. ती मध्ये बसली, आणि शंभरेक हात जाईपर्यंत दोन्ही काठ घट्ट धरून ठेवले. मग तिचा एक हात सुटला, आणि थोड्या वेळाने दुसराही. तिने कमळाचं एक पान ओढून बघितलं, पाणी किती खोल आहे विचारलं, तुम्ही मरळ कुठे धरता ते दाखव म्हणाली. मी दाखवलं. तिने मागे वळून मोहल्ल्याकडे बघितलं.

"आपलं घर एवढंसं दिसते व्हय इथून?"

"हो."

"अन् तो कोण उभा हाय पाळीवर?"

"बाबा."

मायने कपाळावर हात धरून तिकडे बघितलं. बाबा परत या म्हणून हात हलवत होते.

"हलवू दे त्याले हात," ती म्हणाली. "तू त्या पल्याडच्या पाळीपर्यंत घे."

मी बांबू टेकवला आणि नाव पुढे घेतली.